टकटक कुठून येतेय?
गेले पंधरा दिवस गाडी वळवताना पुढून टक टक टक आवाज येत होता, सरळ रस्त्याला काहीच नाही पण सोसायटीच्या गेटमधून फुल स्टेअरिंग मारून काढली की सुरू. एका गॅरेजवाल्याने गाडी न चालवताच सांगून टाकलं, स्टेअरिंग रॅक (स्टेअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारा भाग) गेलाय, बदला. खूप राग आला, कारण आकडा ऐकून बायकोला रात्रभर झोप नव्हती.

आज सुट्टी, म्हणून कुर्ल्याला आमच्या जुन्या मेकॅनिककाकांकडे नेली. त्यांनी आधी गाडी जागेवरच उभी ठेवून स्टेअरिंग दोन्हीकडे फिरवायला लावलं, आवाज नाही. म्हणाले, "उभ्या गाडीत खटखटली असती तर शॉकअपचं माउंटिंग बघितलं असतं. स्टेअरिंग हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारी असती आणि घूं घूं केलं असतं तर आधी ऑइल बघितलं असतं. तुझी इलेक्ट्रिक स्टेअरिंग आहे, त्यात ऑइलच नसतं." मग मोकळ्या जागेत फुल लॉक मारून हळूहळू गोल फिरवली तर उजवीकडे वळताना टकटक जास्त, म्हणजे संशय डाव्या चाकावर, कारण तेव्हा बाहेरच्या बाजूच्या चाकावर लोड येतो.

जॅकवर घेतली तर डाव्या सीव्ही जॉइंटचं (इंजिनची ताकद वळणाऱ्या चाकापर्यंत नेणारा सांधा) रबरी बूट, म्हणजे त्यावरचं कव्हर, फाटलेलं, ग्रीस सगळं रिमच्या आत उडालेलं आणि जॉइंटमध्ये पावसाचं पाणी नि माती!! वेळेत दिसलं असतं तर नुसतं बूट आणि ग्रीस बदलून भागलं असतं, आता जॉइंटच बदलला. रॅक एकदम ठणठणीत.

येताना पुलाखालून यू टर्न घेतला, काच खाली करून ऐकलं. काहीच आवाज नाही. काका, खरंच मनापासून थँक्यू 🙏