बेलिनीचं चित्र बघून सान मार्को चौकात

व्हेनिसमध्ये उतरलेली माणसं आधी सान मार्को गाठतात. मी मुद्दाम आधी अकादेमिया संग्रहालयात गेले. तो चौक मला पहिल्यांदा जेंतिले बेलिनीच्या चित्रात बघायचा होता.

चित्र १४९६ सालचं, सात मीटरांहून रुंद. एका जागी उभं राहून ते नजरेत मावत नाही, चालत चालत बघावं लागतं. मागे सान मार्को चर्चची सोनेरी दर्शनी भिंत. पुढे पांढऱ्या झग्यांतल्या मंडळींची मिरवणूक आणि कापडी छताखाली जपून नेलेला, येशूच्या क्रुसाचा मानला जाणारा लाकडाचा तुकडा. लहानपणापासून पालखी बघितलेली मी, मला यात परकं काही वाटलंच नाही.

मी शोधत होते याकोपो दे सालिसला. हा ब्रेशाचा व्यापारी. घरी मुलाचं डोकं फुटलेलं, वाचेल याची खात्री नाही. २५ एप्रिल १४४४ च्या या मिरवणुकीत तो गुडघे टेकून नवस बोलला आणि मुलगा बरा झाला, अशी कथा आहे. छताच्या मागे, लाल कपड्यांत, सापडला! एवढ्या मोठ्या चित्रात बापाला टीचभर जागा. चौकातले बाकीचे आपापल्या गप्पांत. मी तिथून बराच वेळ हलले नाही.

मग लाकडी पूल ओलांडून चौकात आले. चित्रातली लाल विटांची जमीन आता नाही. १७२३ मध्ये आंद्रेआ तिरालीच्या आराखड्यानुसार करडा दगड आणि पांढऱ्या पट्ट्या बसवायला सुरुवात झाली. कानालेत्तोच्या एका सुरुवातीच्या चित्रात ते काम चालू असलेलं दिसतं. घंटेचा मनोरा बेलिनीनं उजवीकडे सरकवला होता, मागचं राजवाड्याचं दार झाकू नये म्हणून. खरा मनोरा १४ जुलै १९०२ ला कोसळला. आजचा १९१२ चा. बेलिनीच्या काळी हे चर्च म्हणजे दोजेचं, तिथल्या राज्यप्रमुखाचं, खासगी प्रार्थनास्थळ; कॅथेड्रल झालं ते १८०७ मध्ये.

चर्चच्या दारांवरची मोझेक चित्रंही, म्हणजे रंगीत तुकडे जोडून केलेली चित्रं, नंतर बदलली. फक्त डावीकडच्या टोकाच्या, सांत आलिपिओच्या दारावरचं तेराव्या शतकातलं तसंच आहे, आणि बेलिनीनं ते आपल्या चित्रात काढलंय. त्यासाठीच मी आले होते. संत मार्कचा, म्हणजेच सान मार्कोचा, देह चर्चमध्ये नेताहेत असं ते दृश्य, आणि मागे हेच चर्च, घुमटांसकट. भिंतीवर त्याच भिंतीचं चित्र!

मान दुखेपर्यंत वर बघत राहिले. मोझेकमधल्या चर्चच्या दाराच्या वर ठिपक्यांएवढे चार घोडे दिसले. खऱ्या चर्चच्या सज्जावरचे मोठे चार घोडे आता प्रतिकृती आहेत, अस्सल आत संग्रहालयात ठेवलेत. मोझेकमधले हे चिमुकले घोडे मात्र अजून बाहेरच, उन्हात उभे आहेत.