हबला हात लावत सहाशे किलोमीटर

तिसऱ्या दिवशी सकाळी मुक्काम हलवून तासभर झाला होता. ठरल्याप्रमाणे थांबलो आणि बहीण चारही चाकांच्या हबना, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्याला, हात लावत गाडीभोवती फिरली. पुढच्या डाव्या चाकापाशी तिने हात झटकन मागे घेतला. "दादा, इकडे ये. बाकीची तीन कोमट आहेत, याचा चटका बसतोय."

चार दिवसांचा बेत होता, एकूण 610 किलोमीटर. त्यातला निम्म्याहून जास्त रस्ता बिनडांबरी होता: आधी खिंडीची चढण, मग खडीचा लांबलचक पट्टा, एकच नदी दोनदा ओलांडायची आणि शेवटी कोरडं वाळूचं पात्र. गाडी 1989 च्या बांधणीची, मागे उघडा हौदा, चार सिलिंडरचं साधं डिझेल इंजिन. टर्बो नाही, कॉम्प्युटर नाही. पुढे-मागे अखंड ॲक्सल आणि पाटे. फोर व्हील ड्राइव्ह पार्ट-टाइम आहे, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच, डिफरन्शियल, मध्ये नाही. पुढची चाकं जोडायची तर आधी खाली उतरून दोन्ही हबवरची चकती हाताने 'फ्री'वरून 'लॉक'वर फिरवायची. दुसऱ्या महायुद्धातून उरलेल्या जीप साध्या रस्त्यावर चालवायला सोप्या व्हाव्यात म्हणून आर्थर वॉर्न यांनी 1948 साली असे हब बनवायला घेतले, आणि जुन्या गाड्यांवर ते आजही इमानाने काम करतात. एवढंच, की ते महिन्यातून एकदा तरी लॉक करून थोडं अंतर गाडी चालवावी. नाहीतर पुढच्या ॲक्सलमधलं तेल ढवळलंच जात नाही.

निघण्यापूर्वी मी बरंच केलं होतं. सगळे यू-बोल्ट पुन्हा आवळले, शॅकलमध्ये ग्रीस भरलं, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस हलवून पाहिले, रेडिएटरचे दोन्ही पाइप बदलले, ब्रेक ऑइल नवं घातलं. आठवडाभर आधी पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला, नकलच्या (स्टिअरिंगबरोबर चाक वळवणाऱ्या सांध्याच्या) गोळ्यावर, तेलाचा एक ओला ओघळ दिसला होता. ग्रीस पातळ होऊन आलं असेल असं समजून मी तो पुसला आणि पुढच्या कामाला लागलो. तिथेच चुकलं.

खिंडीबद्दल थोडक्यात सांगतो. टर्बो नसलेलं इंजिन उंचीवर दमतं. 3000 मीटरवर हवा समुद्रसपाटीच्या मानाने साधारण पाऊणपट उरते, आणि ताकदही त्याच हिशोबाने उतरते. काळा धूर दिसायला लागला की ॲक्सिलरेटर दाबून फायदा नाही, खालचा गिअर टाकावा. उतरणीला मी 'फोर लो'त (चारही चाकं जोडलेली, गिअरिंग सर्वांत संथ) पहिल्या गिअरमध्ये होतो, पाय क्लचवरही नाही आणि ब्रेकवरही नाही. गाडी स्वतःच्या इंजिनावर धरून उतरते, ब्रेक गार राहतात. मात्र खाली कोरडं डांबर लागलं की लगेच 'टू हाय'वर, म्हणजे फक्त मागच्या चाकांवर, यायचं. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा फेरा घेतात. तो फरक सामावून घ्यायला मध्ये डिफरन्शियल नसलं की सगळा पीळ शाफ्टमध्ये साठतो. स्टिअरिंग जड होतं, ट्रान्सफरचा (पुढची चाकं जोडणाऱ्या गिअरपेटीचा) दांडा अडकून बसतो. अडकलाच तर जोर लावू नका. गाडी सरळ रेषेत चार-पाच मीटर मागे घेतली की पीळ सुटतो.

दुसरा दिवस खडीचा. पत्र्याच्या छपरासारख्या लाटा पडलेल्या अशा रस्त्यावर जुन्या गाडीचा प्रत्येक बोल्ट कसाला लागतो. टायरमधली हवा मी 36 वरून 26 पीएसआयवर आणली, वेग 50 च्या आत ठेवला, आणि दर तासाला थांबलो. तो थांबा शॉक ॲब्सॉर्बर गार होण्यासाठी, आणि हबला हात लावण्यासाठी. पद्धत सोपी आहे. गाडी थांबली की चाकाच्या मध्यभागी तळवा टेकवायचा. आरामात तीन-चार सेकंद ठेवता आला पाहिजे. आधी बोटाने हलकेच चाचपा, एकदम तळवा नको. मोठ्या उतरणीनंतर दोन्ही बाजू सारख्याच तापतात, ती ब्रेकची उष्णता. एकाच ॲक्सलच्या दोन बाजूंत फरक पडला की संशय घ्यायचा, धरून बसलेल्या ब्रेकचा किंवा हबमधल्या बेअरिंगचा.

त्या दिवशी सगळं ठीक होतं. संध्याकाळी नदी आली. बहिणीने काठी घेऊन पात्र आधी चालून पाहिलं. पाणी तिच्या मांडीपर्यंत, तळ गोट्यांचा आणि घट्ट. वरच्या अंगाने आत शिरून प्रवाहाबरोबर थोडं खाली सरकत बाहेर पडायचं ठरवलं. 'फोर लो', दुसरा गिअर, पाण्यात गिअर बदलायचा नाही, क्लच दाबायचा नाही. पुढे एक लाट तयार होते, तिच्या मागे मागे राहायचं. पलीकडे निघालो, डाव्या पायाने ब्रेक हलकेच दाबत शंभरेक मीटर गाडी नेली, म्हणजे ड्रममधलं पाणी वाळतं. तिथेच मुक्काम केला. दिवसभर तापलेला ॲक्सल थेट थंड पाण्यात उतरवला होता, हे त्या वेळी मनातही आलं नाही.

आणि सकाळी तो चटका.

मागच्या चाकांना दगड लावले, जॅक ॲक्सलखाली घेतला, काढलेलं चाक चेसिसखाली आडवं सरकवलं. जॅक सरकला तर गाडी त्या चाकावर बसते, अंगावर येत नाही. चाक काढण्याआधी ते हाताने फिरवून पाहिलं होतं. मोकळं फिरत होतं, म्हणजे ब्रेक धरलेला नव्हता. वर-खाली धरून हलवलं तर किंचित खेळ जाणवला. मग कॅलिपर (ब्रेकची तबकडी पकडणारा भाग) काढून तारेने पाट्याला टांगला. तो ब्रेकच्या नळीवर कधीही लोंबकळू देऊ नका. नळी आतून फाटते आणि बाहेरून काही दिसत नाही. हबलॉकच्या स्टडवर शंकूसारखे वॉशर असतात, ते नुसत्या हाताने निघत नाहीत. नट थोडे सैल करून पितळी दांडीने कडेला ठोकलं की ते उडी मारून बाहेर येतात.

हब हातात आला तेव्हा आधी वास आला. गिअर ऑइलचा गंधकासारखा उग्र वास, जिथे तो यायलाच नको. बेअरिंगमधलं ग्रीस घट्ट, तंतुमय असायला हवं होतं. इथे तपकिरी पातळ रबडा होता आणि बोट फिरवलं तर धार लागत होती. रोलर निळे पडलेले नव्हते, खड्डे नव्हते. आणखी दोन तास तसंच चालवलं असतं तर ते वाचले असते असं मला वाटत नाही.

पण डिफरन्शियलचं तेल हबपर्यंत आलं कसं? नकलच्या आत एक सील असतं. ते एका बाजूला डिफरन्शियलचं तेल आणि दुसऱ्या बाजूला नकलमधलं ग्रीस वेगळं ठेवतं. सील जुनं झालं की तेल झिरपतं, ग्रीस पातळ होतं, ते स्पिंडलमधून (हब ज्यावर फिरतो त्या पोकळ दांड्यातून) हबमध्ये उतरतं. हे मला ठाऊक होतं, म्हणूनच त्या ओघळाकडे केलेलं दुर्लक्ष जास्त लागलं. तरीही एका आठवड्यात एवढं तेल? बहीण ॲक्सलखाली टॉर्च घेऊन झोपली होती. तिने वरच्या अंगाला असलेली ब्रीदरची, म्हणजे ॲक्सलमधली हवा बाहेर सोडणाऱ्या छिद्राची, टोपी बोटाने फिरवली. पेनाच्या टोपणाएवढी वस्तू. "ही हलतच नाहीये," ती म्हणाली. पान्याने काढली तर आत वाळलेला चिखल विटेसारखा बसलेला.

आता सगळं जुळलं. चालताना ॲक्सल तापतो, आतली हवा फुगते आणि ब्रीदरमधून बाहेर पडते. ब्रीदर बंद असेल तर तो दाब तेलाला सीलमधून ढकलतो. तोच तापलेला ॲक्सल थंड पाण्यात गेला की हवा आकसते आणि बाहेरचं पाणी सीलवाटे आत ओढलं जातं. मी आधी भरणीचा बोल्ट उघडला. आधी वरचा उघडायचा, तो उघडला तरच खालचा. भरणीचा बोल्ट गंजून अडकलेला निघाला आणि तेल आधीच खाली सांडलं, तर गाडी जागेवरच राहते. मग खालचा बोल्ट अर्धा वळसा सैल केला. पहिल्यांदा स्वच्छ पाण्याचे थेंब पडले, कारण रात्रभर उभ्या गाडीत पाणी तळाशी बसतं, आणि मागून दुधाळ, राखाडी तेल. ते सगळं डब्यात घेतलं आणि परत आणलं.

पुढचे चार तास तिथेच गेले. सोबत चार लिटर गिअर ऑइल होतं. तीन लिटर भरल्यावर भरणीच्या काठापर्यंत आलं. बेअरिंग डिझेलने धुऊन पूर्ण वाळवली. बहिणीने डाव्या तळव्यावर ग्रीसचा गोळा घेतला आणि बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबत, ओढत राहिली, वरच्या बाजूने रोलरांच्या फटींतून ग्रीसचे दोरे बाहेर येईपर्यंत. मग बेअरिंग थोडी फिरवायची आणि पुन्हा तेच, पूर्ण वर्तुळ होईपर्यंत. नुसतं वरून लिंपलेलं ग्रीस आत पोहोचत नाही. हबचं सील आणि लॉक वॉशर नवे घातले. आतला नट हब फिरवत फिरवत आवळला, सैल केला, पुन्हा हलका आवळला. नेमका टॉर्क आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्यावा. मोठ्या नटाचा सॉकेट आणि नवे लॉक वॉशर नसतील तर छिन्नी-हातोड्याने नट ठोकण्याची वेळ येते आणि बेअरिंगचा ताण नशिबावर राहतो. हे दोन्ही सोबत असू द्या.

नकलचं आतलं सील तिथे बदललं नाही. त्यासाठी पूर्ण नकल उघडावा लागतो, आणि धुळीत ते काम करू नये. त्याऐवजी दाबाचं कारण काढून टाकलं. ब्रीदरच्या टोपीच्या जागी जोडणी बसवली, सुट्या सामानातली दीड मीटर इंधनाची रबरी नळी तिला लावली आणि इंजिनामागच्या पत्र्याला उंच बांधली, तोंड खाली वाकवून. एवढं काम मी निघण्यापूर्वी अर्ध्या तासात करू शकलो असतो. दोन वर्षांत मी या गाडीला मोठे टायर, 50 मिलिमीटर उंच पाटे आणि विंच (रुतलेली गाडी दोराने ओढायचं यंत्र) लावला, आणि गिअरबॉक्स, ट्रान्सफर व दोन्ही ॲक्सलचे ब्रीदर तसेच ठेवले. जुनी गाडी घेणाऱ्याला पाण्यात उतरायचं असेल तर पहिला बदल हाच करा, बाकीचं नंतर.

दुपारी त्याच नदीचं दुसरं पात्र आलं. काठावर वीस मिनिटं थांबलो, हब आणि ॲक्सल हाताला गार लागेपर्यंत. पलीकडे गेल्यावर लगेच भरणीचा बोल्ट उघडून तेलात बोट बुडवलं. स्वच्छ. अर्ध्या तासाने हब तपासले तर चारही कोमट.

वाळूबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. हवा 16 पीएसआयवर आणली आणि गाडी तरंगल्यासारखी चालली. एवढ्या कमी हवेवर झटक्यात वळवलं तर टायर रिमवरून सुटतो, आणि डांबरावर येताच हवा भरल्याशिवाय पुढे जाऊ नये. म्हणून कंप्रेसर हवाच. रुतू लागलात तर ॲक्सिलरेटर सोडा. चाकं फिरत राहिली तर ॲक्सल वाळूवर टेकतो आणि फावड्याचं काम तिप्पट होतं. कोणाला ओढून काढायचं असेल तर पट्टा चेसिसला बोल्ट केलेल्या, त्या कामासाठीच बनवलेल्या हुकलाच लावा. ट्रेलरच्या गोळ्याला पट्टा अडकवू नका. गोळा तुटून काचेतून आत येतो आणि त्यात माणसं दगावली आहेत.

बाकीच्या बदलांबद्दल माझं मत. टायर 31 वरून 33 इंचांचे केले की स्पीडोमीटर 60 दाखवत असताना गाडी जवळपास 64 ने धावते, गिअरिंग उंच होतं आणि उतरणीला इंजिनाची पकड तेवढीच कमी होते. माझ्या इंजिनाला ते जाणवतं. पुढच्या वेळी मी 32 वर थांबेन. पाटे उंचावले तर ब्रेकच्या नळ्या चाक पूर्ण खाली लोंबकळवून ताणून पाहा आणि कॅस्टर, म्हणजे गाडी सरळ ठेवणारा स्टिअरिंगच्या अक्षाचा कल, मोजून घ्या. माझी गाडी सुरुवातीला सरळ रस्त्यावर भरकटायची, ॲक्सल आणि पाट्यांमध्ये पाचरी घातल्यावर स्थिरावली. विंच या वेळी लागलाच नाही, तरी त्याचं वजन चार दिवस पुढच्या पाट्यांवर होतं. टपावर मी आता कापडी आणि हलकंच सामान ठेवतो. तिरक्या उतरणीवर उंचावरचा प्रत्येक किलो जाणवतो.

घरी आल्यावर डावा नकल पूर्ण उघडला. आतलं सील दगडासारखं कडक झालं होतं, आणि ॲक्सलवर जिथे त्याची कड टेकते तिथे नखाला लागेल असा चर पडला होता. नवं सील म्हणून थोडं आत सरकवून बसवलं, त्याची कड आता गुळगुळीत भागावर टेकते. चेसिसच्या पोकळीतून नदीची दीड घमेली वाळू पाण्याच्या जोराने बाहेर काढली. ती आत राहिली असती तर ओल धरून पत्रा खाल्ला असता. उजव्या बाजूला अजून ओघळ नाही. तिकडचं सील मात्र तेवढंच जुनं आहे, त्यामुळे पुढच्या रविवारी तोही नकल उघडतोय. पेपर गॅस्केट कापून ठेवलेत, ग्रीसचा डबा भरलेला आहे, बहीण सकाळीच येतेय.