घरचा कन्सोल, टप्पा ३ : लाइट गेली तरी खेळ जागच्या जागी

पुढच्या पिढीच्या कन्सोलचा विषय निघाला की गाडी टेराफ्लॉप्सवर, म्हणजे चिपच्या गणिती वेगावर, जाऊन थांबते. सोनीच्या पीएस५चे १०.२८, मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज एक्सचे १२, मग पुढच्याचे किती? त्याआधी साधा प्रश्न आहे: बॉस मरायला आला असताना लाइट गेली तर काय? पीएस५चा रेस्ट मोड खेळ रॅममध्ये धरून ठेवतो, म्हणजे वीज तुटली की खेळ गेला. सिरीज एक्सचं क्विक रिझ्युम खेळाची अवस्था एसएसडीवर (वीज गेली तरी डेटा राखणाऱ्या डिस्कवर) उतरवतं आणि प्लग काढला तरी ती टिकते. पण ऐन खेळात वीज गेली तर उतरवायला वेळच मिळत नाही. निन्टेंडोच्या स्विचच्या पोटात बॅटरी आहे, म्हणून तो तेवढा सुटतो. या टप्प्यात काम एकच: खेळ एसएसडीवर लिहून होईपर्यंत यंत्र जिवंत ठेवणं.

घरात इन्व्हर्टर असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. यूपीएसनेही भागतं, पण त्यातली लेड-अॅसिड बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते, आणि आपल्याला अर्धा तास नकोच आहे. अर्धं मिनिट पुरे. अर्ध्या मिनिटासाठी सुपरकॅपॅसिटर, म्हणजे थोडी वीज झटपट साठवून सोडणारे सेल, बरे.

पाया म्हणून १९ व्होल्ट डीसीवर चालणारा मिनी पीसी: रायझन ७ ७८४०एचएस प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, लिनक्स. बाहेरून डीसी घेणारंच यंत्र निवडा, म्हणजे सगळी जोडणी अडॅप्टरनंतर होते आणि २३० व्होल्टला हात लावावा लागत नाही.

आता हिशोब. खेळ चालू असताना ७० वॅट धरा, गोठवल्यावर २५. वीज गेल्याची खात्री करायला दीड सेकंद, म्हणजे १०५ जूल. लिनक्स हायबरनेट करताना, म्हणजे रॅम डिस्कवर उतरवून यंत्र बंद करताना, रॅमच्या साधारण दोन-पंचमांश आकाराची प्रतिमा बनवतं, इथे १२.८ जीबी. ती लिहायला २५ सेकंद धरले तर ६२५ जूल. एकूण ७३०.

२.७ व्होल्ट, १०० फॅरडचे ६ सेल एकापुढे एक जोडले की १६.७ फॅरड होतात. १६.२ व्होल्टपर्यंत चालतील, पण भरायचे १५ पर्यंतच. सेल दाबून भरला की लवकर म्हातारा होतो. १५ वरून ८ व्होल्टपर्यंत उतरताना साधारण १३४० जूल मिळतात, बूस्ट कन्व्हर्टरची (व्होल्टेज वर चढवणाऱ्या बोर्डाची) ८५ टक्के कार्यक्षमता धरून ११४०. दीडपट हात राखून आहे, आणि तो लागतोच, कारण वयाबरोबर कॅपॅसिटन्स घटतो.

कन्सोल बनवणाऱ्यांना तर हे आणखी स्वस्तात जमेल. पीएस५ची एसएसडी सेकंदाला ५.५ जीबी वाचते. लिहिण्याचा वेग त्याच्या निम्मा धरला, तरी १६ जीबी सहा सेकंदांत लिहून होतात. त्या काळात चिप ४० वॅटवर आणली तर २४० जूल. तेवढ्या सेलना जागा कुठल्याही खोक्यात निघते.

सेल विकत घेतल्यावर आधी तपासा. सहाची माळ २ अँपिअर स्थिर प्रवाहाने ५ वरून १० व्होल्टवर न्या. ४२ सेकंद लागले तर माल खरा. ३० सेकंदांतच पोचली तर माळ १२ फॅरडची आहे, छापील आकड्यावर विसंबू नका. माळेवर सगळ्या सेलचं व्होल्टेज सारखं राखणारा बॅलन्सिंग बोर्ड हवाच. सहा सेलची गळती कधीच सारखी नसते, एखादा २.७ च्या वर जातो, फुगतो आणि माळ घेऊन बसतो.

रिकामा कॅपॅसिटर अडॅप्टरला शॉर्टसारखा दिसतो, त्यामुळे थेट जोडलात तर अडॅप्टर चालू-बंद, चालू-बंद करत राहतो. मध्ये प्रवाह आणि व्होल्टेज दोन्ही बांधणारा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज खाली आणणारा बोर्ड) टाका: १५ व्होल्ट, २ अँपिअर. शून्यापासून भरायला दोन मिनिटं लागतात. भरताना ३३ वॅटच्या आसपास जास्तीचे खेचले जातात, म्हणून अडॅप्टर १२० वॅटचा घ्या. ९० चा ऐन खेळात मान टाकेल.

बूस्टचा आउटपुट १८ व्होल्टवर ठेवून तो सतत चालू ठेवायचा. अडॅप्टरचे १९ असेपर्यंत तो गप्प असतो, ते पडले की भार उचलतो. दोन्ही वाटांवर प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे डायोड लागतात. शॉटकी जातीचा चालतो पण २ वॅट तापतो, मॉसफेटचा आदर्श डायोड बरा. हमखास होणारी चूक म्हणजे अडॅप्टरच्या वाटेवरचा डायोड विसरणं. मग बूस्टचे १८ व्होल्ट उलटे अडॅप्टरच्या तारेत जातात, आणि वीज गेल्याचं पुढे येणाऱ्या नियंत्रकाला कळतच नाही. माळ निमूटपणे रिकामी होते आणि खेळ जातो तो जातोच.

नियंत्रक म्हणून रास्पबेरी पाय पिको हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड. त्याला ५ व्होल्ट डायोडनंतरच्या रेषेवरून, छोट्या बक कन्व्हर्टरमार्फत. डायोडच्या आधी, अडॅप्टरच्या बाजूला १०० किलोओहम आणि १५ किलोओहमचा, व्होल्टेज मोजण्यापुरतं कमी करणारा विभाजक. १९ व्होल्टचे २.४८ होतात, पिकोच्या ३.३ च्या मर्यादेत. वीज दीड सेकंद सलग गायब असली तरच कृती, नाहीतर प्रत्येक झपक्याला यंत्र झोपेल. कृती म्हणजे ऑप्टोकपलरने (प्रकाशाने चालणाऱ्या, दोन सर्किटं वेगळी राखणाऱ्या स्विचने) पॉवर बटण २०० मिलिसेकंद दाबणं. बटणाचा अर्थ सिस्टिममध्ये हायबरनेट असा ठरवायचा. ड्रायव्हर वगैरे काही नको. फक्त दाब अडकता कामा नये, चार सेकंद दाबलं गेलं तर यंत्र जबरदस्तीने बंद होतं.

सॉफ्टवेअरमध्ये तीन खड्डे. खेळांसाठीच्या बऱ्याच डिस्ट्रोंमध्ये (लिनक्सच्या आवृत्त्यांमध्ये) स्वॅप, म्हणजे रॅमची जादा जागा, फक्त झेडरॅमवर असतो. तो रॅममध्येच राहतो, तिथे हायबरनेट होत नाही. ४० जीबीचं वेगळं स्वॅप पार्टिशन करा. सिक्युअर बूट (सही असलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी बायोसची सोय) चालू असेल तर बहुतेक डिस्ट्रोंचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, हायबरनेट नाकारतो. आणि क्यूएलसी जातीची स्वस्त एसएसडी गच्च भरलेली असेल तर लिहिण्याचा वेग इतका घसरतो की २५ सेकंदांचं गणित कोलमडतं. २० टक्के जागा मोकळी ठेवा.

खरी गंमत लाइट परत येताना. एकदा खेळ वाचवला की माळ ११ व्होल्टवर आलेली असते आणि त्यात वापरता येण्याजोगे जेमतेम ४०० जूल उरतात. आपल्याकडची लाइट आली की पहिल्या मिनिटात पुन्हा जाते, आणि दुसऱ्यांदा वाचवायला हे पुरणार नाहीत. म्हणून माळ १४ व्होल्ट होईपर्यंत पिकोने यंत्र पुन्हा चालू करायला बटण दाबायचं नाही. २५ सेकंदांचा प्रश्न आहे, थांबावं. बायोसमधल्या वीज आल्यावर चालू व्हायच्या पर्यायावर इथे भिस्त ठेवता येत नाही, कारण माळेत जीव असेपर्यंत बोर्डाच्या लेखी वीज गेलेलीच नसते.

माळ हवा आत येते त्या बाजूला बसवा. सेल जास्तीत जास्त ६५ अंश सोसणारे असतात आणि दर १० अंशांना आयुष्य निम्मं होतं. विदर्भातल्या मे महिन्यात खोलीच ४० ला टेकलेली असते. उघडण्याआधी माळेला बाइकचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब लावा. तो पूर्ण विझला, तरी मल्टीमीटर लावून मगच डाग द्यायला घ्या. माळेची टोकं स्क्रूड्रायव्हरने जोडली गेली तर त्याचं टोक वितळतं.

बाकी राहिलं ते टीव्हीचं. पीसीच्या एचडीएमआयमध्ये सहसा सीईसी (एचडीएमआयच्या तारेतून टीव्ही चालू-बंद करायची सोय) नसतं, त्यामुळे कन्सोल जागा झाला तरी टीव्ही रिमोटनेच लावावा लागतो. यूएसबीचा सीईसी अडॅप्टर पुढच्या टप्प्यात.