निळूच्या भांड्यात सुका बांगडा

२० जून, रात्र. फोंडा.

लेक आत्ताच झोपली. साडेआठला गेलेली वीज अजून आलेली नाही. मृग सरता सरता पाऊस नुसता कोसळतोय. मेणबत्तीच्या उजेडात लिहितोय, कारण आजचं उद्यावर टाकलं तर निम्मं विसरेन.

निळूला घरी येऊन बारा दिवस झाले. गडद निळा फायटर मासा, शेपटी मोकळ्या पदरासारखी. लेक अडीच वर्षांची. पहाटे डोळे उघडले की आधी त्याला हाक मारते, मग आम्हाला.

पहिल्याच आठवड्यात तिनं त्याला वरणभात भरवला होता. तिला भरवते आजी, तेव्हा निळूला तिनं भरवायचं, हे तिच्या मनात पक्कं. संध्याकाळपर्यंत पाणी दुधाळलं. उरलेलं अन्न कुजलं की पाण्यात अमोनिया तयार होतो आणि माशाचे कल्ले त्यानं होरपळतात, हे मी त्या रात्री वाचलं. तेव्हापासून दाण्यांची बाटली फ्रिजवर. दिवसातून दोनदा, तीन-तीन दाणे, तिच्या चिमटीतून आणि माझ्या डोळ्यांसमोर.

आजचं मात्र वेगळंच झालं.

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर बंद, त्यामुळे घरात सध्या पुरुमेंताचा, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेल्या सुक्या मासळीचा डबा चालू आहे. आईनं भाजायला दोन सुके बांगडे काढून ताटलीत ठेवले आणि शेजारणीशी बोलायला दारात गेली. मी आत ऑफिसच्या फोनवर. बाहेर आलो तर लेक स्टुलावर उभी, कोपरापर्यंत भिजलेली, आणि निळूच्या भांड्यात एक बांगडा तरंगतोय. पाण्यावर तेलाचा तवंग. निळू तळाशी, पंख मिटून, काचेला चिकटलेला.

"काय केलंस गो बाये!" आई दारातूनच ओरडली. मीही ओरडलो, तिच्याहून मोठ्यानं.

लेक घाबरली, पण रडली नाही. बांगड्याकडे बोट दाखवून म्हणाली, "तो सुकला. पाणी दिलं."

हे ऐकलं आणि माझ्या घशात काहीतरी अडकलं. आधी विचारायला हवं होतं. ओरडायला एक क्षण लागला, पण तिचा आक्रसलेला चेहरा डोळ्यांसमोरून अजून हलत नाही.

न्हाणीतली बादली होती म्हणून निभावलं. ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पातून येणाऱ्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून एक बादली भरून दिवसभर उघडी ठेवतो. तिला अडखळून घरातले सगळे करवादतात, आज तिनंच वाचवलं. गाळणीनं पंख फाटतील म्हणून निळूला वाटीनं अलगद उचलला आणि बादलीत सोडला. खारवलेल्या बांगड्याचं मीठ त्याच्या अंगात किती भिनलं असेल, देव जाणे. पाऊण तास तो जागचा हलला नाही. मग एकदम वर आला, तोंडानं हवेचा घोट घेतला आणि खाली गेला. फायटरला कल्ल्यांशिवाय हवेतून श्वास घेणारा एक अवयव असतो, त्यामुळे वर येणं हे चांगलं लक्षण. लेक बादलीशी उकिडवी बसून होती. "उचकी लागली," म्हणाली. मी तिला जवळ घेतलं आणि सॉरी म्हटलं. तिनं बहुतेक ऐकलंच नाही, तिचं लक्ष निळूकडे.

मग प्रश्न आला, तिला सांगायचं काय? आई म्हणाली, "सांग, तो खेळण्यातला मासा होता." बायकोला ते मान्य नव्हतं, मलाही नाही. संध्याकाळी मांडीवर घेऊन सांगितलं: बांगडा समुद्रात होता, तो मेला, मग मीठ लावून उन्हात वाळवला. आपण तो खातो. निळूला आपण खात नाही, त्याला आपण सांभाळतो.

"त्याला दुखलं?"

"आता दुखत नाही."

ती बराच वेळ माझ्या शर्टाच्या बटणाशी खेळत राहिली. आईनं बांगडे परत डब्यात टाकले आणि कुळथाची पिठी केली. कुणी काही न बोलता जेवलो.

२२ जून, सकाळ.

निळू धुतलेल्या भांड्यात परतला. आज पाण्यावर एका कडेला बारीक फेस दिसला आणि पोटात गोळाच आला. वाटलं साबण राहिला. पण फेस नुसता नव्हता, बुडबुडे एकमेकांना चिकटून त्यांची चटई झाली होती आणि निळू तोंडानं त्यात भर घालत होता. शोधल्यावर कळलं, हे त्याचं घरटं. या जातीत अंडी बापच सांभाळतो. घरट्यातून खाली पडलेलं अंडं तोंडात धरून परत वर नेऊन ठेवतो. मादी नसली तरी घरटं बांधतो.

लेकीला उचलून दाखवलं. "घर बांधतोय बाळासाठी."

"बाळ कुठे?"

"अजून नाही."

तिनं स्टूल ओढून आणलं, वर चढून बसली आणि काचेला नाक लावलं. दूध टेबलावर निवतंय. हाक मारली तर मान न वळवता म्हणाली, "थांब."

मीही स्टुलाशेजारी बसलोय.