नवा कापूस चालतो, जुनी गादी नाही

‘धुळीनं दम लागतोय’ म्हणणारे माझ्या बेळगावच्या दवाखान्यात रोज येतात. कुठल्या धुळीनं, ते क्वचितच कोणी सांगतं. त्या दिवशी आलेल्या गादीवाल्या काकांनी मात्र निम्मं निदान घरूनच करून आणलं होतं.

“नवा कापूस दिवसभर पिंजू दे, कायबी होत नाही बघा. खानापूरकडची जुनी गादी उसवली की ती रात्र बसूनच काढायची.”

कापसाच्या धुळीचा आजार असता तर नव्या कापसानंही छाती आवळली असती, आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी जास्त.

नळीत फुंकायला लावलं. श्वासनळ्या मोकळ्या करणारा पंप दिल्यावर फुंकर चांगलीच सुधारली, म्हणजे दमाच. मग अ‍ॅलर्जी कशाची ते बघायला हातावर थेंब टाकून टोचलं. पंधरा मिनिटांनी मिठाच्या पाण्याची जागा सपाट, आणि धुळीतल्या माइटच्या थेंबाखाली ठसठशीत गांध. 3 मिलिमीटरची पुरते. ही त्याहून कितीतरी मोठी.

माइट कोळ्याच्या गोत्रातला, पाव मिलिमीटरभर. चावत नाही. आपल्या कातडीचा कोंडा खातो आणि हवेतला ओलावा शोषून जगतो. खानापूरजवळच्या जांबोटीकडच्या पावसात त्याची चंगळच. खरा त्रास त्याच्या विष्ठेचा. तिच्यातलं ‘डर पी 1’ हे पाचक विकर श्वासनळीच्या अस्तरातले पेशींचे सांधे कापतं. दुखावलेल्या पेशी धोक्याचे संदेश सोडतात, रोगप्रतिकारक टी पेशी चेततात, अ‍ॅलर्जीची आयजीई प्रतिपिंडं तयार होऊन हिस्टामिन साठवणाऱ्या मास्ट पेशींवर ठाण मांडतात. पुन्हा तोच कण आला की ते हिस्टामिन सुटतं आणि काही मिनिटांत छाती आवळते. पण तेवढ्यावर भागत नाही. चार ते आठ तासांनी इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी गोळा होतात, अस्तर सुजतं, कफ दाटतो. काकांची दुपारची गादी रात्री छळायची ती अशी.

“पण आम्ही गाद्या उन्हात टाकतोय की!”

कडक उन्हात वाळून माइट मरतात, काका. विष्ठेतली प्रथिनं कापसातच राहतात, आणि पिंजताना थेट नाकात.

जुन्या गाद्या घेऊ नका म्हणणं सोपं होतं. पण दिवाळीआधीची कमाई त्यातच. म्हणून उसवणं अंगणात, तोंडावर एन-95 मास्क आणि स्टेरॉइडचा पंप रोज, बरं वाटलं तरी. मास्कला लगेच हो म्हणाले. पंपापाशी अडले.

“त्याची सवय लागते म्हणतात.”

“व्यसन लागत नाही. सवय मात्र लावून घ्या.”