जांबुवंताचे पाय

आमच्या शाळेचे वार्षिक स्नेहसंमेलन जानेवारीत भरत असे, कारण तोवर धानाची मळणी उरकून गावातली माणसे थोडी मोकळी झालेली असत. गाव नवेगावबांधच्या जंगलाला लागून, तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात. १९९९ पासून तो भाग गोंदिया जिल्ह्यात आला. संमेलन तीन दिवसांचे असे. खेळ, रांगोळ्या, हस्तलिखिताचे प्रकाशन, शेलापागोटे आणि बक्षीस समारंभ हे सगळे पहिल्या दोन दिवसांत आटोपून घेत आणि तिसरी रात्र नाटकासाठी राखून ठेवत. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्यात, नाटकाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. दिवाळी झाली की वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव निघतात, शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) रात्री पहाटेपर्यंत प्रयोग चालतात आणि दंडारीची, म्हणजे इथल्या लोकनाट्याची, ढोलकी ऐकत वाढलेली माणसे रंगमंचावरची लहानशी चूकही अचूक हेरतात. शाळकरी मुलांचे नाटक म्हणून हा प्रेक्षक सूट देत नसे. आमचे मराठीचे गुरुजी म्हणत, "हे लोक आपल्याला नटच समजून बघतात, हा आपला मान आहे." त्या मानाला आपण पात्र ठरलो पाहिजे, असे आम्हां सर्वांनाच मनापासून वाटत असे.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट आहे. त्या वर्षी मी नववीत होतो आणि गुरुजींनी स्यमंतक मण्याची कथा नाटकासाठी निवडली होती. गणेशचतुर्थीला चंद्रदर्शनाच्या निमित्ताने घरोघरी सांगितली जाणारी ही कथा सर्वांच्या ओळखीची. सत्राजिताला सूर्याने दिलेला मणी, तो गळ्यात घालून शिकारीला गेलेला प्रसेन, प्रसेनाला मारणारा सिंह, सिंहाला मारून मणी आपल्या गुहेत नेणारा अस्वलांचा राजा जांबुवंत आणि चोरीचा आळ दूर करण्यासाठी त्या गुहेत शिरलेला कृष्ण. भागवतात या दोघांचे युद्ध २८ दिवस चालते. शेवटी जांबुवंत आपल्यासमोर कोण उभा आहे हे ओळखतो आणि मणी व आपली कन्या जांबवती दोन्ही कृष्णाच्या स्वाधीन करतो.

नाटकाचा सगळा भार त्या अस्वलावर होता, आणि अडचण अशी की आमच्या गावाला अस्वल पुस्तकात पाहावे लागत नसे. मोहाची फुले गळू लागली की पहाटे वेचायला जाणाऱ्या बायकांना ते झाडाखाली दिसे. त्याचे लांब विस्कटलेले काळे केस, छातीवरची पांढुरकी खूण, पांढरट तोंड, आत वळवून टाकलेली पावले आणि मातीत उमटणारी लांब नखे सर्वांना ठाऊक होती. ड्रेसवाल्याकडून यायचे ते काळे मखमली अस्वल या लोकांपुढे उभे करणे गुरुजींना मान्य नव्हते. त्यातच जांबुवंत हा काही साधा प्राणी नव्हे. तो ऋक्षराज, रामाच्या सेनेत लढलेला आणि पुढे द्वापरातही जिवंत असलेला. तो गुहेच्या तोंडाशी उभा राहिला की कृष्ण त्याच्यापुढे बालक दिसला पाहिजे, असे गुरुजींचे म्हणणे होते. अस्वलासाठी निवडलेला आमचा वर्गमित्र मात्र जेमतेम साडेपाच फूट उंच होता. त्याला वर उचलणे एवढाच मार्ग उरला होता.

उंच होण्याचे साधन आमच्या घरांत होतेच. आषाढ अमावास्येला, म्हणजे जीवतीच्या दिवशी, आमच्या भागात मुले गेड्यांवर चढत. दोन बांबू, त्यांना हात-दीड हात उंचीवर बांधलेले पायठाव, आणि चालताना दोरीतून निघणारा कुरकुर आवाज. पावसाळ्याच्या चिखलातून पोळा होईपर्यंत गल्लीत हीच वाहतूक चाले. शेजारच्या छत्तीसगढमध्ये त्याच अमावास्येला हरेली साजरी होते आणि तिथेही गेडी निघते. गुरुजींनी आम्हांला सांगितले होते की फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील लांद नावाच्या दलदलीच्या प्रदेशात मेंढपाळही असेच उंच लाकडी पाय बांधून कळपामागे हिंडत असत. चिखलाने जगाच्या दोन टोकांच्या माणसांना एकच युक्ती सुचवली, याचे मला तेव्हा फार नवल वाटले होते आणि आजही वाटते.

परंतु गेडी हाताने धरावी लागते, आणि जांबुवंताला तर हातांनी कुस्ती करायची होती. तेव्हा पायांनाच बांधता येतील अशा गेड्या करून घेण्यासाठी आम्ही गावातल्या वाढईकाकांकडे गेलो. (आमच्याकडे सुताराला वाढई म्हणतात.) त्यांची पडवी शाळेच्या वाटेवरच होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर जवळजवळ दोन महिने रोज संध्याकाळी आम्ही चार-पाच जण तिथे बसलो. स्नेहसंमेलन म्हटले की पुष्कळांना रोषणाई आणि टाळ्या आठवतात. मला आधी आठवतो तो रंध्याखालून निघणाऱ्या शिवणीच्या ढलप्यांचा वास.

पहिली जोडी आम्ही हट्टाने आमच्या कल्पनेप्रमाणे करवून घेतली होती. पायाखाली एकेक जाड सागाचा खुंट, दीड फूट उंच, वर चामड्याचा पट्टा. मित्र ती बांधून भिंतीच्या आधाराने उभा राहिला, भिंत सोडली आणि दोन पावले टाकून आमच्या अंगावर कोसळला. तो चालू शकत होता, पण थांबू शकत नव्हता. वाढईकाकांनी हे सगळे शांतपणे पाहिले आणि विचारले, "गेडीवरचं पोट्टं एका जागी उभं दिसलं का तुमाले कधी? ते सारखं पाय उचलतच राहते. थांबलं का पडलं." इतकी वर्षे गेड्या खेळूनही ही गोष्ट आमच्यातल्या एकाच्याही लक्षात आलेली नव्हती. टोकदार पायावरच्या माणसाला तोल सांभाळायला सतत पाऊल बदलावे लागते. गुहेच्या दाराशी स्तब्ध उभ्या राहणाऱ्या अस्वलाला रुंद तळवा हवा.

दुसऱ्या जोडीला तळाशी फळी आली, उंचीही दीड फुटावरून एक फुटावर आली. तरीही मित्र मागे झुकत होता आणि दोनदा तणसाच्या ढिगावर उताणा पडला. यावर वाढईकाकांनी जे केले ते मी कधीही विसरणार नाही. त्यांनी मित्राला अनवाणी, सरळ, स्वस्थ उभे राहायला सांगितले आणि गवंड्याकडून मागून आणलेला ओळंबा त्याच्या कानाशी धरला. दोरी खांद्यावरून, कमरेवरून, गुडघ्याच्या किंचित पुढून खाली आली आणि ओळंब्याचे टोक घोट्याच्या हाडावर न येता त्याच्या दोन बोटे पुढे थांबले. त्या जागी त्यांनी कानावरची पेन्सिल काढून पावलावर खूण केली. आमच्या जोडीचा आधार टाचेखाली होता आणि माणसाचा भार पडतो टाचेच्या पुढे. जमिनीवर उभे असताना लांब पाऊल हा फरक आपोआप सांभाळून घेते, म्हणून तो आपल्याला जाणवतही नाही.

तिसरी जोडी त्या पेन्सिलीच्या खुणेवरून मोजून झाली. लाकूड शिवणीचे, कारण ते हलके असते आणि ऊन-ओल्याने सहसा वाकत नाही. वर पावलाएवढी फळी, खाली अकरा इंच लांब आणि पाच इंच रुंद तळफळी, त्यांच्यामध्ये पुढे एक व मागे एक असे दोन खुंट, कुसू करून खाचेत घट्ट बसवलेले, आणि दोन्ही खुंटांना जोडणारी एक तिरपी पट्टी. वरच्या फळीवर जुना कॅनव्हासचा बूट तळातून स्क्रूने पक्का केला आणि स्क्रूंची डोकी बुटाचे कापड फाडून वर येऊ नयेत म्हणून त्यांच्याखाली पत्र्याच्या चकत्या घातल्या. बाहेरच्या अंगाने सागाची एक पट्टी गुडघ्याच्या खालपर्यंत नेली आणि तिथे खाटेच्या नवारीचा, आतून कापूस भरलेला पट्टा लावला. ही पट्टी बाहेरूनच हवी, आतून असली तर चालताना एकमेकींवर आपटते. नवारीचा पट्टा नसता तर सगळा ताण घोट्यावर आला असता आणि एवढी उंची घोट्याला पेलत नाही. पट्टा तो ताण पोटरीच्या हाडावर वाटून देतो. तळाला सायकलच्या टायरचे तुकडे ठोकले, त्यामुळे फळ्यांच्या रंगमंचावर खटखट थांबली आणि पाय घसरणेही थांबले.

उंची वाढली तसा एक नवा दोष दिसू लागला. खालचे पाय लांबले, त्यामुळे हात आखूड वाटू लागले आणि अस्वलाऐवजी बांबूवर चढलेला मुलगा दिसू लागला. शिवणाच्या बाईंनी तो दोष दूर केला. त्यांनी पोषाखाचे धड चार-पाच इंच लांब ठेवले, पायांचा सांधा तितकाच खाली आणला, खरा गुडघा केसांखाली पार लपवला आणि हातांना पुढे लाकडी पंजे जोडून ते मांडीपर्यंत आणले. दहावीच्या सात-आठ मुली त्यांच्या हाताखाली होत्या. त्यांनी अंबाडीचा वाख (सालीचे धागे) फणीने विंचरला, हिरड्याच्या काढ्यात भिजवून वाळवला आणि मग हिराकसाच्या पाण्यात बुडवला. पिवळट वाख त्या पाण्यात पाहता पाहता काळा होत गेला, तेव्हा आम्ही मुलेही भोवती जमलो होतो. हा वाख गोणपाटावर शिवताना त्यांनी सुरुवात खालून केली. कौले शाकारतात तशी वरची ओळ खालच्या ओळीवर येत गेली आणि शिवण कुठेही उघडी पडली नाही. छातीवरच्या खुणेसाठी घायपाताचा पांढरा वाख वापरला.

पावलांचा बाहेरचा आकार हे शेवटचे काम होते. अस्वलाचे पाऊल मोठे दिसले पाहिजे, पण तळफळी लांब केली तर ती पुढे अडते. म्हणून फळी आखूडच ठेवून तिच्यापुढे तणीस आणि चिंध्या भरलेला मऊ पंजा जोडला, जो पाऊल टेकताच वाकत असे. नखे बांबूची, विस्तवावर शेकून वळवलेली. वाढईकाकांनी ती थोडी आत वळवून बसवली, कारण त्यांनी जंगलात पाहिलेली पावले तशीच पडत होती.

चालायला शिकण्यात पंधरा दिवस गेले. पाय बांधायचे ते शाळेच्या ओट्यावर बसूनच, आधी उजवा मग डावा, आणि दोन्ही बाजूंना दोघे उभे राहिल्याशिवाय उठायचे नाही, असा वाढईकाकांचा नियम होता. पडायचे झाले तर पुढे, हातांवर पडायचे, हेही त्यांनी तणसावर पुन्हा पुन्हा करून घेतले. मित्राने एकदाही कुरकुर केली नाही. पोटरीवर नवारीचे वळ उठत, तो त्यांना खोबरेल तेल लावून दुसऱ्या दिवशी परत येई.

सर्वांत अवघड जागा नाटकाच्या शेवटी होती. जांबुवंत कृष्णाला ओळखतो आणि गुडघे टेकतो. त्या पायांवर गुडघे टेकता येत, पण आपले आपण उठणे शक्य नव्हते, कारण खालचा फूटभर लाकडी भाग मागे आडवा होई. प्रसंग गाळावा असा विचार एकदा निघाला होता. गुरुजींनी तो मानला नाही. भागवतात कृष्ण त्याच्या अंगावरून आपला हात फिरवतो आणि त्याचा शीण घालवतो. गुरुजींनी तिथेच वाट काढली. कृष्णाने नुसता हात फिरवायचा नाही, तर त्याला दोन्ही हातांनी उठवायचे. कृष्ण झालेला मुलगा आखाड्यात जाणारा होता. अस्वलाच्या डाव्या हाताशी गोणपाटाने मढवलेला बाकाचा खडक ठेवला, म्हणजे त्यालाही टेकू मिळे.

त्या रात्री पटांगण भरून बाहेर रस्त्यापर्यंत माणसे बसली होती. गुहेतला दिवा बारीक केला आणि अंधारातून तो आला. एक पाऊल, मग थांबणे, मग दुसरे. डोक्यावरच्या मुखवट्यासह त्याची उंची सात फुटांच्या आसपास झाली होती आणि तो दाराशी अगदी निश्चल उभा राहिला. पुढे बसलेली लहान मुले आयांच्या कुशीत शिरली. बायकांच्या बाजूने एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "अगा माय, तसंच चालते बाई!" विंगेत माझ्याशेजारी उभ्या असलेल्या वाढईकाकांनी हे ऐकले. ते काहीच बोलले नाहीत, फक्त खांद्यावरच्या दुपट्ट्याने त्यांनी तोंड पुसले.

शेवटी जांबुवंताने गुडघे टेकले. कृष्णाने त्याच्या पाठीवरून हात फिरवला, मग काखेखाली दोन्ही हात घालून जोर लावला. पहिल्या वेळी तो उठला नाही. पटांगणात चिडीचूप झाले. ती ओढाताण खरी होती आणि लोकांनाही ती खरी आहे हे कळत होते. दुसऱ्या वेळी खडकावरचा पंजा रोवला गेला, वाखाची ती काळी राशी हळूहळू वर आली आणि कृष्णाच्या डोक्यावरून पुढे झुकून त्याला कवेत घेती झाली. पेटीवाल्याने सूर धरायला जरा उशीरच केला, कारण तोही पाहत राहिला होता.

पुढे ते पाय शाळेतच राहिले. कधी कुंभकर्णाने, कधी हिडिंबेने ते बांधले, टायरचे तुकडे दोनदा बदलले, नवार तर दर दोन-तीन वर्षांनी नवी लागे. शिवणीचे लाकूड मात्र कुठे तडकले नाही. ज्याने ज्याने ते वापरले त्याने डाव्या तळफळीच्या आतल्या बाजूला आपले नाव आणि वर्ष लिहून ठेवले, आणि पहिल्या नावाजवळ वाढईकाकांची पेन्सिलीची खूणही अजून पुसटशी दिसते.

काही वर्षांपूर्वी माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला तेव्हा प्रयोगशाळेच्या कपाटातून ते पाय बाहेर काढले. आमचा जांबुवंत आता साठीच्या जवळ आलेला आहे. त्याने चष्मा काढून माझ्या हातात दिला, काही न बोलता ओट्यावर जाऊन बसला आणि उजवा पाय पुढे केला. आम्ही दोघे त्याच्या दोन्ही बाजूंना जाऊन उभे राहिलो.