विजेच्या तारेवरचं झाड नत्र कुठून आणतं?

मेक्सिकोत विजेच्या तारांवर राखाडी-हिरवे गोळे बसलेले दिसतात. ती टिलँड्सिया रिकर्व्हाटा, अननसाच्या कुळातली. आपल्याकडच्या बांडगुळाशी तिची गल्लत करू नये. बांडगूळ झाडात घुसून रस ओढतं. हिला फक्त बसायला जागा लागते. तारेतून शोषायला तर काहीच नसतं. मुळं पकड घेण्यापुरती, खाणंपिणं सगळं पानांवाटे.

थोडा नत्र पावसातून आणि धुळीतून मिळतो. शिवाय जिवाणूंचा हात असावा, ही शंका जुनी आहे. डच संशोधक याकोबा राउनेन यांनी १९५६ मध्ये पानांच्या पृष्ठभागावर राहणाऱ्या बायजेरिंकियाची नोंद प्रसिद्ध केली. हा जिवाणू हवेतला नत्र स्थिर करतो, म्हणजे झाडांना वापरता येईल अशा रूपात आणतो. १९९४ मध्ये पुएन्ते आणि बाशान यांनी बाहा कॅलिफोर्नियातल्या याच टिलँड्सियातून स्यूडोमोनास स्टुट्झेरी वेगळा केला. तोही नत्र धरणारा.

पान भिंगाखाली बघा. सगळीकडे बारीक खवले दिसतील: मधे पेशींची तबकडी, भोवती पातळ झालर. कोरड्यात झालर वर उचललेली असते, म्हणून पान पांढुरकं दिसतं. पाण्याचा थेंब पडला की ती पानाला चिकटते, खवल्याखालच्या जिवंत पेशी पाणी आत घेतात आणि पान बघता बघता हिरवं होतं. झालरीखालच्या फटीत धूळ अडकते, ओल रेंगाळते. जिवाणूंना आडोसा हवा तर तो इथेच.

पण जिवाणू सापडला म्हणजे तो झाडाला नत्र पुरवतोच असं नाही. नायट्रोजनेज हे नत्र स्थिर करणारं विकर (एन्झाइम) चालवणं महाग पडतं: नत्राच्या एका रेणूमागे एटीपीचे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे, किमान १६ रेणू खर्च होतात, आणि ऑक्सिजन लागला की ते निकामी होतं. जवळ अमोनिया असेल तर जिवाणू ते बनवायचंच थांबवतो. उघड्या, कोरड्या, साखरेची चणचण असलेल्या पानावर हे काम रोज चालेल, हे गृहीत धरता येत नाही.

असे जिवाणू वेगळे करायला ते नत्र नसलेल्या माध्यमावर वाढवतात, आणि पहिली फसगत तिथेच होते. अशा माध्यमांपैकी जेन्सेनच्या माध्यमात लिटरला २० ग्रॅम साखर, १ ग्रॅम डायपोटॅशियम फॉस्फेट, अर्धा-अर्धा ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि मीठ, ०.१ ग्रॅम फेरस सल्फेट, ५ मिलिग्रॅम सोडियम मॉलिब्डेट, २ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट आणि माध्यम घट्ट करायला १५ ग्रॅम अगार असतं. मॉलिब्डेट विसरलात तर नेहमीचं नायट्रोजनेज बनतच नाही. बायजेरिंकिया हवा असेल तर कार्बोनेट वगळून सामू ५ च्या आसपास ठेवा, पण आम्ल आणि अगार एकत्र ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेत निर्जंतुक) करू नका. अगार तुटतं आणि प्लेट पातळ राहते. वेगवेगळं तापवून नंतर मिसळा. प्लेटा दोन-तीन आठवडे ठेवा, कारण तो सावकाश वाढतो. त्याच्या वसाहती फुगीर आणि चिवट, ओढल्या तर तार सुटणाऱ्या असतात. अगारातल्या आणि प्रयोगशाळेच्या हवेतल्या लेशमात्र नत्रावरही कितीतरी जिवाणू पातळ, फिकट वसाहती करतात. तेच जिवाणू ताज्या नत्ररहित माध्यमावर निदान तीनदा उतरवल्याशिवाय नाव देऊ नये.

खरी परीक्षा ॲसिटिलीनची. नायट्रोजनेज ॲसिटिलीनचं एथिलीन करतं आणि ते गॅस क्रोमॅटोग्राफवर (मिश्रणातले वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) मोजता येतं. १०० मिलीच्या बाटलीत ताजी, ओली पानं घालून रबरी बूच लावा, १० मिली हवा काढून १० मिली ॲसिटिलीन भरा. कार्बाइड पाण्यात टाकून वायू करता येतो (आंबे पिकवायला चोरून वापरतात तेच कार्बाइड), मात्र त्यात फॉस्फीन असतो, म्हणून वायू धुऊन घ्या आणि जवळपास ज्योत नको.

दोन बाटल्या जास्तीच्या हव्यातच. एकीत पानं आहेत पण ॲसिटिलीन नाही, कारण तोडलेली पानं स्वतःच एथिलीन सोडतात. दुसरीत ॲसिटिलीन आहे पण पानं नाहीत, कारण त्या वायूतच थोडं एथिलीन असतं. या दोन्ही वजा केल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. बाटल्या फार वेळही ठेवू नयेत: ॲसिटिलीनमुळे जिवाणूंना नत्र मिळत नाही, ते उपाशी पडून जास्त नायट्रोजनेज बनवतात आणि आकडा फुगतो. एथिलीनला ३ किंवा ४ ने भागून नत्र काढायची पद्धत आहे. पानांच्या बाबतीत तो ढोबळ अंदाजच समजावा.

झाडाला काय मिळालं हे ॲसिटिलीन सांगू शकत नाही. त्यासाठी नत्र-१५ (नत्राचा जड, वेगळा ओळखू येणारा प्रकार) असलेला वायू द्यायचा, मग पान धुऊन, जिवाणू शक्य तितके काढून, पेशींतला नत्र-१५ मोजायचा. इथे धुण्यात कुचराई झाली तर जिवाणूंचाच नत्र झाडाच्या खात्यात जातो.

घरी टिलँड्सिया ठेवणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: बोर्डो मिश्रण किंवा तांब्याचं कुठलंही बुरशीनाशक त्यावर मारू नका. खवले ते सरळ आत घेतात आणि झाड मरतं. खत द्यायचंच असेल तर ते अगदी पातळ करून, सकाळी फवारा. संध्याकाळपर्यंत पानांचे बेचके कोरडे व्हायला हवेत, नाहीतर झाड मधूनच कुजतं.